शिलाईत थोडी माया ठेवा

मसुरे आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलत आहोत. कुणी चुलीवर भात ठेवून ऐकत असाल, कुणी काजूगर सोलत असाल, कुणी शिवणाच्या मशीनवर बसला असाल. हातातलं काम थांबवू नका, फक्त कान इकडे द्या.

एरवी आमच्या बोलण्यात बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोबाची वही हेच असतं. आज विषय मापाचा आहे. शेरा-पायलीचं माप नव्हे, आपल्या अंगाचं माप. म्हणजे ज्या बाईला लोक जाड म्हणतात तिचं. नाटक-सिनेमात तिला काय जागा होती, आता काय आहे, कपड्याच्या दुकानात तिच्याशी लोक कसे वागतात, आणि आपल्या गटात आपण तिच्याशी कसं वागतो, हे सगळं आज बोलायचं आहे.

विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. पण विचार करा. आपल्याकडे कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं की पहिलं वाक्य काय येतं? "काय गो, कितकी सुटलंस!" बरी आहेस का, पोरं कशी आहेत, हे नंतर. आधी अंग. आणि एखादी बारीक असली की "सुको बोंबील". म्हणजे जाड असली तरी सुटका नाही, बारीक असली तरी नाही. आपल्या देशाची जी मोठी आरोग्य पाहणी होते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, तिच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे २४ जणी वजनाने जास्त निघाल्या आणि जवळजवळ १९ जणी वजनाने कमी. आपल्या दहा-बारा जणींच्या गटात दोन-तीन जणी इकडच्या आणि दोन-तीन तिकडच्या असणारच. तेव्हा ही गोष्ट कुणा एकीची नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या आयांच्या शाळेत एखादी अंगाने भरलेली मुलगी असली की तिला हमखास एक नाव पडायचं. टुणटुण. हे नाव कुठून आलं हे आजच्या मुलींना ठाऊक नसेल. ती एक खरी बाई होती, आणि ती मुळात गायिका होती. त्यांचं नाव उमादेवी. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातली, लहानपणीच आईबाप गेलेली मुलगी. गाण्याच्या वेडापायी ती घरातून निघून मुंबईला आली आणि संगीतकार नौशाद यांच्या दारात जाऊन उभी राहिली. १९४७ साली 'दर्द' नावाच्या सिनेमात त्यांनी जी गाणी गायली ती देशभर गाजली. लोकांनी आधी त्यांचा आवाज ऐकला, चेहरा आणि अंग नंतर पाहिलं.

पुढे पार्श्वगायनात नवे आवाज आले, काम कमी झालं, तेव्हा त्या अभिनयाकडे वळल्या. १९५० सालच्या 'बाबुल' सिनेमात त्या पडद्यावर आल्या आणि तिथून टुणटुण झाल्या. मग शेकडो सिनेमे. बहुतेक सिनेमांत काम एकच. त्या आल्या की लोक हसणार. धडपडणं, खाणं, नवऱ्याच्या मागे धावणं. त्यांनी ते काम इतकं चांगलं केलं की २००३ साली त्या गेल्या तेव्हाही लोकांना त्या हसूनच आठवल्या. पण सखींनो, एका बाईचा आवाज गाजला होता, आणि आपल्या शाळाशाळांत तिचं नाव उरलं ते मुलींना चिडवायला. हे आम्हाला फार लागतं.

उमादेवींच्या नंतरही तीच रीत चालू राहिली. नायिका शिडशिडीत, आणि तिची जाड मैत्रीण हसवायला. कॉलेजचा सिनेमा असला तर जाड मुलगी डबा उघडून बसलेली. लग्नाचा सिनेमा असला तर जाड मुलगी नायकाच्या मागे लागलेली आणि नायक पळतोय. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर आपल्या मनात काय बसलं? की जाड बाईला प्रेम करायचा हक्क नाही, नटायचा नाही, रुसायचा नाही. तिने फक्त हसवायचं, आणि स्वतःवर हसलेलं चालवून घ्यायचं.

आता एक गंमत सांगतो. आपण दशावतार बघणारी माणसं. जत्रेत रात्रभर चादर पांघरून बसतो. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात हे आपल्याला नवीन नाही. मिशी काढलेला, रुंद खांद्याचा, चाळिशीतला बापया नऊवारी नेसून, अंबाड्यावर वेणी माळून समोर येतो, आणि दोन पदं झाली की तो आपल्यासाठी द्रौपदी होतो. त्याच्यासोबत आपल्याही डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा कुणी म्हणतं का, ह्या द्रौपदीचे दंड किती जाड? नाही म्हणत. कारण काम चांगलं झालं की आपण अंग विसरतो. मग हीच आपली नजर दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आपल्याच शेजारणीवर पडते तेव्हा तिची कंबर का मोजते? पुरुषाला द्रौपदी म्हणून मानायला आपलं मन मोठं आहे. तेवढं मोठं मन खऱ्या बाईसाठीही ठेवता येईल, असं आम्हाला वाटतं.

आणि तसं मन हळूहळू तयार होतंय. पडद्यावर तर दिसायलाच लागलंय.

२०१५ साली 'दम लगा के हैशा' हा हिंदी सिनेमा आला. त्याची नायिका भूमी पेडणेकर. पेडणेकर म्हटलं की आपले कान टवकारतात, पेडणं काही इथून फार लांब नाही. ही मुलगी सिनेमासाठी नट-नट्या निवडण्याचं काम करायची, आणि हा तिचा पहिला सिनेमा. या कामासाठी तिने वजन वाढवलं. गोष्ट अशी की शिकलेली, शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी, तिचं लग्न एका कमी शिकलेल्या मुलाशी होतं, आणि त्या मुलाला जाड बायकोची लाज वाटते. आजवरच्या रीतीप्रमाणे तिने रडायला हवं होतं किंवा बारीक व्हायला हवं होतं. सिनेमात ती दोन्हीतलं काही करत नाही. तिचा मान दुखावला की ती तोंडावर बोलते. वजन तेवढंच राहतं आणि बदलावं नवऱ्याला लागतं. या सिनेमाला हिंदीतल्या उत्तम सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, मराठीत 'वजनदार' आला. सचिन कुंडलकर दिग्दर्शक, सई ताम्हणकर आणि प्रिया बापट या दोघी नायिका. त्या दोघींनीही सिनेमासाठी वजन वाढवलं. हा सिनेमा आमच्या काही जणींनी टीव्हीवर बघितला आणि बैठकीत त्यावर बोलणं निघालं. एक काकी म्हणाल्या, "बारीक बायांनी खाऊन खाऊन जाड व्हायचं, त्यापेक्षा आधीच जाड असलेली एखादी घेतली असती तर तिला चार पैसे मिळाले असते." सगळ्या हसल्या, पण काकींचं म्हणणं खरं होतं. रोजगाराचा प्रश्न काकींनी बरोबर पकडला होता. २०२२ साली हिंदीत 'डबल एक्सएल' आला. त्यात दोन जाड मुली, एक कपडे बनवायचं स्वप्न बघणारी आणि एक खेळांच्या कार्यक्रमात निवेदक व्हायला निघालेली. तिथेही सोनाक्षी सिन्हा आणि हुमा कुरेशी यांनी वजन वाढवून काम केलं. काकींचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

पण आपल्या मराठी मालिकांनी काकींचं म्हणणं ऐकलं, असं म्हणायला हरकत नाही. २०२० मध्ये 'सुंदरा मनामध्ये भरली' सुरू झाली. तिची नायिका लतिका, म्हणजे अक्षया नाईक. वजनावरून स्थळं नाकारली जातात अशा मुलीची ती गोष्ट. २०२१ च्या जानेवारीत 'येऊ कशी तशी मी नांदायला' सुरू झाली. तिची नायिका स्वीटू, म्हणजे अन्विता फलटणकर. या दोघी कामासाठी वजन वाढवून आल्या नव्हत्या. जशा होत्या तशा आल्या आणि रोज संध्याकाळी आपल्या घरात नायिका म्हणून बसल्या. आधीच्या मालिकांत अशी मुलगी नायिकेची मैत्रीण झाली असती.

त्या दिवसांत आमच्याकडे एक फरक दिसला. एका वाडीतल्या कॉलेजच्या मुलीने आईला सांगितलं, "माका स्वीटूसारखो ड्रेस शिवून दी." तोवर ही मुलगी भावाचे ढगळ शर्ट घालून फिरायची. तिने अंग झाकायला कपडे मागितले नाहीत, नटायला मागितले. मालिकेत पुढे काय वळणं आली, गोष्ट किती ताणली, ते सोडून द्या. एका मुलीने हौसेने कापड निवडलं, ही लहान गोष्ट नाही.

आणि वनिता खरात. यांना तुम्ही 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये बघता. २०१९ च्या 'कबीर सिंग' या हिंदी सिनेमात घरकाम करणाऱ्या बाईचं छोटंसं काम करूनही त्या लोकांच्या लक्षात राहिल्या. २०२१ च्या जानेवारीत त्यांचा एक फोटो सगळीकडे फिरला. छायाचित्रकार तेजस नेरूरकर यांनी काढलेला. अंगावर कपडे नाहीत, हातात मोठा पतंग, आणि चेहरा असा की माझ्या अंगाची मला लाज नाही. आमच्या बैठकीत यावर दोन मतं पडली, ती दोन्ही सांगतो. काही जणी म्हणाल्या, एवढं करायची गरज नव्हती, साडीतला फोटो काढूनही हेच सांगता आलं असतं. दुसऱ्या म्हणाल्या, बारीक नट्यांचे असे फोटो येतात तेव्हा कुणी काही बोलत नाही, मग हिच्याच वेळी एवढी चर्चा का? मत एक झालं नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. लोकांना हसवण्याचं काम करणारी बाई स्वतःच्या अंगाला विनोद मानत नाही, हे तिने सांगितलं, आणि ते सांगायला धाडस लागतं.

आमचं आणखी एक मागणं आहे. आता पुढची पायरी हवी. ज्या गोष्टीत बाई अंगाने भरलेली आहे, पण गोष्ट तिच्या वजनाची नाही. २०२१ च्या 'झिम्मा' सिनेमात निर्मिती सावंत यांनी काम केलेली बाई आठवा. वेगवेगळ्या वयाच्या बायका लंडनला फिरायला जातात, त्यात ती आपल्यासारखी घरातली बाई. तिचा धाक, तिची भीड, तिची मजा याची ती गोष्ट आहे. वजनाचा काटा त्यात कुठे येत नाही. जाड बाईलाही शेती असते, कर्ज असतं, सासू असते, आवड असते. तिच्या आयुष्यात वजन सोडून दुसरं पुष्कळ चालू असतं. ते दाखवा की.

आता कपड्यांकडे येऊ. आपल्यातल्या बऱ्याच जणींची रोजीरोटी शिवणावर आहे, म्हणून हे नीट ऐका.

आपल्या आजीने कधी माप विचारून लुगडं घेतलं होतं का? नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर कापड. ते बारीक सुनेला बसायचं, जाड सासूला बसायचं, सातव्या महिन्यातल्या लेकीलाही बसायचं. लुगड्याने कुणाला नाही म्हटलं नाही. सहावारीही तशीच. अडचण सुरू झाली ब्लाउजपासून, आणि वाढली तयार कपड्यांपासून. तयार कपडा आधीच कुणाच्या तरी मापाने बेतलेला असतो. आपण दुकानात जातो, तो चढत नाही, आणि आपण म्हणतो माझंच अंग वाईट. खरं तर कापणाऱ्याच्या मनात आपण नव्हतोच.

हे आम्ही मनाने बोलत नाही. आपल्याकडे तयार कपड्यांवर जी मापं लिहिलेली असतात ती परदेशातल्या, अमेरिका-इंग्लंडकडच्या लोकांच्या अंगावरून आलेली आहेत. आपल्या माणसांचं अंग मोजून मापं ठरवावीत म्हणून निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर 'इंडियासाइज' नावाचं काम हाती घेतलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग अशा सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार बायका-पुरुषांची मापं यंत्राने घ्यायची अशी ती योजना. म्हणजे आपलं अंग चुकीचं नाही, माप दुसऱ्याचं होतं, हे सरकारी पातळीवरही मानलं गेलं.

फॅशनच्या दुनियेतही दार किलकिलं झालंय. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ साली मोठ्या मापाच्या कपड्यांचा वेगळा शो झाला. भरल्या अंगाच्या मॉडेल त्या झगमगत्या वाटेवरून चालल्या. त्याच वर्षी अमेरिकेत ॲशली ग्रॅहम नावाची मोठ्या बांध्याची मॉडेल तिथल्या एका नामांकित क्रीडा मासिकाच्या पोहण्याच्या कपड्यांच्या अंकावर मुखपृष्ठावर आली. हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे, खरं आहे. ते कपडे आपण घालणार नाही आणि ते मासिक आपल्या एसटी स्टँडवर मिळणार नाही. पण व्यापारी हुशार असतो. ज्या गिऱ्हाइकाला आजवर दुकानदार हाकलत होते तिच्याही हातात पैसा आहे, हे त्याने ओळखलं. मग हे आपण का ओळखू नये?

आता आमच्या परिसरातलंच सांगतो, नाव न घेता. आमच्यात एक सदस्य आहे. वही तिच्यासारखी कुणी लिहीत नाही. गौरी-गणपतीत फुगड्या सुरू झाल्या की गाणं तीच उचलणार, मागून पंचवीस जणी धरणार. पण मेळावा किंवा प्रदर्शन आलं की ही आजारी. एकदा ताप, एकदा डोकं, एकदा घरी पाव्हणे. मग कळलं. अशा कार्यक्रमांना सगळ्या गटांनी एकसारखी साडी नेसायची असते. व्यापारी साडीबरोबर तयार ब्लाउज पाठवतो, लहान, मध्यम, मोठा. त्याच्या मोठ्यातही तिचा दंड जात नाही. एकदा वाटणीच्या वेळी सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणालं, "हिच्यासाठी दोन जोडून शिवूक होये." लोक हसले. तीही हसली. आणि त्या दिवसापासून ताप येऊ लागला.

बघा, नुकसान कुणाचं झालं? प्रदर्शनात विक्री करायला जी जाते तिला गिऱ्हाइकाशी बोलायचा सराव होतो, ओळखी होतात, पुढच्या वेळी मुंबईच्या महालक्ष्मी सरसला कोण जाणार हे ठरवताना तिचं नाव येतं. ही बाई घरी बसली, म्हणजे तिचं उत्पन्न बसलं आणि गटाची सगळ्यांत हिशोबी बाई स्टॉलवर नव्हती. एका ब्लाउजपायी.

यावर गटात बोलणं झालं. भाषण कुणी दिलं नाही. शिवण करणाऱ्या तिघींनी एवढंच ठरवलं की यापुढे साडीबरोबर तयार ब्लाउज घ्यायचे नाहीत, नुसतं कापड घ्यायचं, आणि प्रत्येकीचं माप घेऊन आपणच शिवायचं. शिलाईचे पैसे व्यापाऱ्याकडे जायचे ते आपल्यातल्या तिघींकडे आले. आणि त्या सदस्याचा ताप बरा झाला. पुढच्या मेळाव्यात फुगडी तिने घातली. कुणीतरी मोबाइलवर तिचं चित्रण करून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हसऱ्या तोंडांसकट टाकलं. गटातल्या दोघी त्या घरी गेल्या, ओटीवर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "ता काढून टाक." काढलं. ती अजून मधूनमधून म्हणते, फोटोत मला मागे उभी करा. एका ब्लाउजने सगळं मिटलं असं आम्ही सांगणार नाही. पण ती स्टॉलवर येते, आणि कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला तिच्याइतका कुणी विकत नाही.

शिवणाऱ्या सखींना आता चार गोष्टी सांगायच्या आहेत. माप घेताना पडवीत, चार माणसांत घेऊ नका. आत घ्या, आणि आकडा मोठ्याने न बोलता वहीत लिहा. कापड जास्त लागणार असेल तर किती मीटर आणि किती रुपये, एवढंच सांगा. त्याबरोबर "बापरे" लागत नाही. मोठ्या मापाचा ब्लाउज म्हणजे लहान मापाचा नुसता सगळीकडून फुगवलेला ब्लाउज नव्हे. दंड, मुंढा, पाठ हे वेगवेगळं मोजा, कारण प्रत्येकीचं अंग वेगळीकडे भरलेलं असतं. आणि कपड्याला आतून माया ठेवा.

माया हा आपल्या शिवणातला शब्द किती छान आहे. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो, ती माया. बाई बाळंत होते, पाळी जाते, आजारपण येतं, अंग कमी-जास्त होतं. आत इंच-दीड इंच माया असली की टाके उसवून ब्लाउज पुन्हा बसता करता येतो. माया नसली की तो टाकून द्यावा लागतो. स्टॉलवर गाऊन, कुर्ते ठेवताना छाती ४४, ४६, ४८ ची मापंही ठेवा. बाजारात ती सहज मिळत नाहीत, म्हणून घेणारी बाई परत तुमच्याकडेच येईल. आणि कपड्यांचा फोटो काढताना आपल्याच सदस्यांना उभं करा, बारीक, जाड, उंच, बुटकी, सगळ्यांना. घेणारीला कळू दे की हे माझ्यासारखीलाही बसतं.

कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही वजन वाढवायला सांगताय. नाही. वजन फार वाढलं तर गुडघे दुखतात, साखर, रक्तदाब मागे लागू शकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वजन नुसतं भातामुळे वाढत नाही. थायरॉइड असतो, पाळीच्या तक्रारी असतात, बाळंतपणं असतात, काही औषधं असतात. ते डॉक्टरांनी तपासायचं असतं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी नव्हे. टोमणा हे औषध नाही. टोमण्याने उलटंच होतं. बाई वजनकाट्यावर उभी राहायला लाजते आणि तपासणी शिबिराला येत नाही. दुसरी गोष्ट, मघाशी ज्या पाहणीचं सांगितलं तिच्यात शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. जाड बाईच्याही अंगात रक्त कमी असू शकतं. ती दमले म्हणाली की लोक म्हणतात, हिला काय धाड भरलीय, चांगली धडधाकट आहे. अंग बघून निदान करू नका. शिबिर लागलं की बारीक, जाड सगळ्यांनी जा, रक्त तपासून घ्या.

शेवटी एवढंच. आपल्या गटांची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आमच्या गटांनी त्यात स्वतःपुरता एक नियम जोडला आहे. बैठकीत आलेल्या बाईचं स्वागत तिच्या अंगावरून करायचं नाही. जाड झालीस नाही, बारीक झालीस नाही, काळी पडलीस नाही. "बरी आसंस मां?" एवढंच विचारायचं. पाळायला वाटतं तेवढं सोपं नाही, जीभ सवयीची असते. पण दोन-चार बैठकांत जमतं.

तुमच्या गटात जमलं की आम्हाला कळवा. आणि कुणाकडे मोठ्या मापाच्या ब्लाउजचं चांगलं कटिंग असेल तर कागदावर काढून पाठवा, आम्हीही शिकू.